रायतूरचे खिळे आणि सेरामपूरचे खिळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मिशनरी आणि इंग्रजी राज्य या विषयावर आपल्या सदरात सध्या पत्रांची झड लागली आहे. साहेबाने राज्य आणले, मागोमाग पाद्री आला, पाद्र्याने छापखाना आणला, असे बहुतेकांनी धरूनच चालले आहे. मुंबईपुरते हे अर्धेमुर्धे खरे. गोव्याला ते लागूच पडत नाही. तरीही इथल्या एका प्रदर्शनात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराण' या मराठी काव्याच्या पानाखाली 'ब्रिटिश मिशनऱ्याची मराठी सेवा, 1616' असा फलक झळकतो आहे.

स्टीफन्स जन्माने इंग्रज, यात वाद नाही. पण ते गोव्यात उतरले 1579 च्या ऑक्टोबरात, आणि ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली 1600 च्या शेवटच्या दिवशी. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात कॅथलिक पाद्र्याला जीव मुठीत धरून वावरावे लागे. स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट या कॅथलिक संघात गेले, लिस्बनहून पोर्तुगीज जहाजाने आले आणि गोव्यातल्या साष्टीत राबले ते पाद्रोआदोखाली. पाद्रोआदो म्हणजे धर्मकार्याचा खर्च पोर्तुगालच्या राजाने उचलायचा आणि बिशपांची नावेही त्यानेच सुचवायची. इंग्रजी साम्राज्याचा यात कुठे संबंध?

छापखान्याचेही तसेच. जुन्या गोव्यात सांव पावलु कॉलेजात तो 1556 मध्येच आला. अडले ते लिपीपाशी. स्टीफन्सनी 1608 च्या पत्रात अडचण मांडली आहे : युरोपला 24 साचे पुरतात, इथल्या लिपीला 600 लागतात. हिशेब अगदी बरोबर आहे. 34 व्यंजनांची बाराखडी मांडली तरी 408 अक्षरे होतात, वर जोडाक्षरे. प्रत्येकासाठी पोलादाचा ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा रस ओतून एकेका अक्षराचे ढीगभर खिळे, म्हणजे छपाईचे सुटे टाइप, पाडायचे. एवढा खटाटोप झेपण्यासारखा नव्हता, म्हणून साष्टीतल्याच रायतूरला 1616 मध्ये मराठी पुराण निघाले ते रोमी, म्हणजे रोमन लिपीत.

ही रोमी वाचायची एक रीत आहे. 'एक्स' दिसला की श किंवा ष म्हणायचा. ट, ड, ण, ळ यांना व्यंजन दुहेरी. नासिक्य उच्चाराला अक्षरावर नागमोडी रेघ. देवनागरीत उतरवणारे हमखास घसरतात ते 'एक्स'वर. त्याला 'क्ष' वाचले की 'शिष्य'चा 'क्षिक्ष्य' होतो. गावांच्या पाट्यांवर पेडणें, मांद्रें यांच्या शेवटी जो 'एम' लटकतो, तोही अनुस्वारच. त्याला पूर्ण 'म' समजून पाहुणे 'पेरनेम' म्हणतात.

आता इंग्रजी मुलखाकडे. कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्माच्या कारणाने बखेडा झाला तर व्यापार बुडेल, ही धास्ती. म्हणून विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याला 1800 मध्ये बस्तान बसवावे लागले ते सेरामपूरला, डेन्मार्कच्या वसाहतीत. (नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचे.) तिथे पंचानन कर्मकारासारख्या कारागिरांनी 600 साच्यांचा तो डोंगर फोडला. कॅरीचे मराठी व्याकरण 1805 चे. 1810 च्या कोशात तर मोडीचे खिळे आहेत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम बजावला. त्याच वर्षी कंपनीच्या नव्या सनदेने दार किलकिले झाले, तेही परवान्यानिशी. पुढे त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली जावजी दादाजी खिळे घासायला शिकले आणि 1869 मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. आपल्या पोथ्यांची देखणी अक्षरे या वाटेने आली, रायतूरहून नव्हे.

कंपनीचा धर्म किती पातळ होता, ते मुंबईच्या गोवेकरांना तरी ठाऊक असायला हवे. 1720 मध्ये तिने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना मुंबईतून काढले आणि त्यांची चर्चे कार्मेलाईट या दुसऱ्या संघाच्या पाद्र्यांकडे दिली. दोघेही कॅथलिकच! प्रश्न श्रद्धेचा नव्हता. पाद्री गोव्याच्या आर्चबिशपचे ऐकणार की आपले, एवढाच होता. भांडण मिटेना, तेव्हा 1794 मध्ये चर्चे दोन्ही पक्षांत वाटून टाकली.

यावरून इंग्रजी राज्य आणि मिशन यांचे साटेलोटे नव्हतेच, असेही कोणी म्हणू नये. शिक्षणाविषयीच्या 1854 च्या सरकारी खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान खुले झाले आणि मिशनच्या शाळांनी ते भरपूर घेतले. पण अनुदान वेगळे आणि हुकूम वेगळा. गोव्यात 1684 चा फतवा होता : तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, 1560 पासून, मधली थोडी वर्षे सोडता, 1812 पर्यंत होते. ज्या गोव्यात हिंदुस्थानातला पहिला छापखाना आला, तिथे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून 1821 पर्यंत छपाईच बंद पडली. या काळाचा जाब लिस्बनला विचारायचा, लंडनला नाही.

फलकातल्या 'ब्रिटिश'च्या जागी 'इंग्रज जेझुइट, पाद्रोआदोखाली' एवढे हवे. दुसरी चूक सालाची. 'ख्रिस्तपुराणा'च्या 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तेव्हा काचेखालचे पान छापील असेल तर ते फार तर मंगळूरच्या 1907 च्या आवृत्तीचे किंवा त्यानंतरचे, आणि शाईने लिहिलेले असेल तर कुणीतरी उतरवून घेतलेली नक्कल.

आपला,
एक वाचक, फोंडा