आजीची मशीन भंगारात देऊ नका

ग्लासगो,
रविवार, संध्याकाळ

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल दादाचा फोन झाला. बोलता बोलता म्हणाला, दिवाळीची साफसफाई काढलीय, माळ्यावरून आजीची शिलाई मशीन खाली उतरवलीय, पार जाम झालीय, पुढच्या रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकतो. मी नुसतं 'थांब' म्हणाले आणि पुढे काही सुचेना. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून हे पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय. वहिनीलाही वाचून दाखव, कारण निम्मं तिच्यासाठीच आहे. मागे ती म्हणाली होती ना, मला शिवण शिकायचंय पण नवीन मशीनला पैसे कशाला घालायचे? अगं, घरात आहे की मशीन!

मी गुरुवारी संध्याकाळी शिवायला जाते, हे तुला ठाऊक आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्चचा हॉल आहे, तिथे दहा-बारा जण जमतो. बहुतेक बाया, दोन पुरुष. एक सुदानहून आलेली, एक पोलंडची, बाकीच्या इथल्याच. शिकवणारं असं कुणी नेमलेलं नाही. ज्याला जे येतं ते तो शेजारच्याला दाखवतो. लोकांनी दिलेल्या सहा जुन्या मशिनी आहेत, एक इस्त्रीचं टेबल आहे, आणि चहाची किटली सतत चालू. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी कुणाशी धड चार वाक्यं बोलले नव्हते. तिथे पहिल्याच दिवशी एकीने माझ्या हातात कापड दिलं आणि म्हणाली, हे धर जरा ताणून. तेवढ्यावर ओळख झाली.

गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना मी आपल्या मशीनबद्दल सांगितलं. काळी, सोनेरी नक्षीची, हाताने फिरवायची, वर लाकडी कमानीचं झाकण. त्यांनी लगेच विचारलं, "नंबर काय आहे?" मला कुठला माहीत असायला! त्यांचे वडील सिंगर कंपनीच्या शिलाई मशिनींच्या कारखान्यात कामाला होते. तो कारखाना इथून जवळच, क्लाइडबँकला होता. १८८० च्या दशकात सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. त्या आधी जगभर मशिनी इथून जायच्या. १९१३ साली एका वर्षात तेरा लाखांच्या वर गेल्या. तिथे बायकाही हजारोंनी कामाला होत्या. १९११ साली पॉलिश करणाऱ्या बारा बायकांनी वाढवलेल्या कामाविरुद्ध काम थांबवलं, आणि बघता बघता जवळजवळ अकरा हजार माणसं त्यांच्या पाठोपाठ संपावर गेली. हे सांगताना आजींचा आवाज बदलतो.

मागच्या शनिवारी मी मुद्दाम तिथे जाऊन आले. कारखाना पाडलेला आहे, त्याचा तो मोठा घड्याळाचा मनोराही १९६३ सालीच गेला. पण रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. फलाटावर त्या पाटीखाली उभी राहिले आणि मला आपल्या इचलकरंजीच्या घरातली ती पाठीमागची खोली दिसली. गल्लीत मागांची खटखट, आणि आत आजी पाटावर बसून मशीनचं चाक फिरवतेय. दोन आवाज एकमेकांत मिसळलेले. गावभर कापड विणलं जायचं, आणि आपल्या घरात त्याची झबली, टोपरी, पेटीकोट व्हायचे. आजीने त्या मशीनवर तीन मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या, हे तूच सांगतेस.

तर दादाला सांग: मशीनच्या उजव्या बाजूला, चाकाच्या खालच्या अंगाला, लोखंडाच्या उंचवट्यावर नंबर कोरलेला असतो. ओल्या फडक्याने पुसून त्याचा फोटो काढ. ईई, ईएफ, ईजी अशी 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर आपली मशीन क्लाइडबँकची. मला ते कळेपर्यंत चैन पडणार नाही.

आता जाम का झालीय तेही सांगते. त्यात मध्ये कुणीतरी खोबरेल तेल घातलं होतं, मला आठवतंय. खोबरेल, गोडेतेल काही घालायचं नसतं. ते वाळून डिंकासारखं चिकटतं आणि लोखंड धरून बसतं. मशीन मोडलेली नाही, चिकटलेली आहे. सुई आणि बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची ती छोटी फिरकी, आधी काढून ठेवा. जुन्या टूथब्रशने सुईखालच्या दात्यांमधला कापसाचा कचरा काढा. मग जिथे जिथे लोखंड लोखंडावर फिरतं तिथे थोडं रॉकेल सोडा, एक दिवस ठेवा, चाक पुढे-मागे हलवून बघा. अंगणात करा, गॅसजवळ नको. जोर लावू नका. एकदा सैल झाली की पुसून कोरडी करा आणि शिलाई मशीनचं पातळ तेल प्रत्येक भोकात एकेक थेंब घाला. सोनेरी नक्षीवर मात्र रॉकेल लावू नका, ती निघून जाते. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवायचं, म्हणजे जास्तीचं तेल चिंधी पिऊन टाकते.

हाताची मशीन आहे म्हणून वहिनीने नाक मुरडू नये. आमच्या गटात विजेच्या मशिनी आहेत, आणि नवीन माणसाचा पाय पेडलवर पडला की कापड हातातून सुटून धावतं. गटातल्या आजी म्हणतात, हाताची मशीन म्हणजे शिकणाऱ्यासाठी सोनं. उजवा हात मुठीवर, डावा कापडावर, एका वेळी एक टाका घालता येतो. फक्त एक लक्षात ठेव: कापड ओढायचं नाही. खालचे दाते ते आपोआप पुढे नेतात, आपण नुसती दिशा दाखवायची. ओढलं की सुई वाकते आणि मोडते.

पहिल्या दिवशी दोरा ओवायचाच नाही. चिऊच्या जुन्या वहीचा रेघांचा कागद घ्यायचा आणि रिकाम्या सुईने रेघेवरून टीप मारत जायचं. मला असे चार कागद दिले होते. रेघ संपली की सुई कागदात रुतलेली ठेवायची, मशीनचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा तो भाग, उचलायचा, कागद वळवायचा, पाय खाली. कोपरा असाच वळतो. कागदावर सुई बोथट होते, म्हणून कापडासाठी नवी लावायची. साध्या सुती कापडाला १४ नंबरची चालते, पातळ मलमलला ११.

माझी पहिली खरी टीप अगदी वाईट गेली. वरून टाके ठीक, आणि कापड उलटं केलं तर खाली दोऱ्याचा हा एवढा पुंजका. मी बॉबिन काढली, परत बसवली. परत पुंजका. असं अर्धा तास. डोळ्यांत पाणी यायच्या बेताला आलं. मग आजी उठून आल्या. त्यांनी बॉबिनला हातसुद्धा लावला नाही. मशीनचा पाय वर उचलला, वरचा दोरा पूर्ण काढून टाकला आणि सावकाश पहिल्यापासून ओवला. पुंजका गेला! त्यांनी समजावलं ते असं: पाय खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या त्या दोन चकत्या मिटलेल्या असतात. तशात ओवलेला दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, नुसता वरून जातो. वर ताण नाही, म्हणून खाली सगळा सैल दोरा गोळा होतो. खाली गुंता झाला तर वर बघायचं. वहिनीने हे एवढंच पाठ केलं तरी तिची निम्मी रड वाचेल. आणि टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे बोटांनी धरायची, पहिले चार टाके पडेपर्यंत.

आधी काय शिवायचं? ब्लाऊजला हात घालू नये, वर्षभर तरी. आमच्याकडे सगळे उशीच्या अभ्र्याने सुरुवात करतात, तोही बिनबटणाचा. सोळा इंची चौकोनी उशी असेल तर १७ इंच रुंद आणि ३८ इंच लांब अशी एकच पट्टी कापायची. दोन्ही आखूड कडा एकेक इंच दुमडून टीप मारायची. मग चांगली बाजू आत ठेवून पट्टी अशी घडी घालायची की दोन्ही दुमडलेल्या कडा मधोमध एकमेकींवर चार इंच चढतील. वरची आणि खालची बाजू अर्ध्या इंचावर शिवायची, कोपरे तिरपे छाटायचे, उलटवायचं. झाला अभ्रा! पहिला केला तेव्हा मी तो रात्री उशाशी घेऊन झोपले.

कापड घरातलंच घ्या, पण आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवल्यानंतर आटलं तर सगळं वेडंवाकडं होतं. जुन्या साडीचा मोह होईल, पण रेशीम सरकतं. जुनी चादर चांगली. सरावासाठी मांजरपाट तर उत्तमच. इथे त्याला कॅलिको म्हणतात, आणि ते नाव आपल्या कालिकतवरून पडलंय. हे मी सांगितलं तेव्हा गटात कुणालाच माहीत नव्हतं. कात्री मात्र वेगळी हवी. कागद कापणारी कात्री कापडाला लावायची नाही, आणि दादाला ती दिसणार नाही अशा जागी ठेवायची. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री फिरवायची. मला आधी ते उगाच वाटायचं. पण इस्त्री केलेली आणि न केलेली शिवण शेजारी ठेवून बघितली आणि पुन्हा कधी टाळली नाही.

आई, मागे तुझं पोपटी ब्लाऊज मी गटात नेलं होतं, जे तू मला इकडे निघताना दिलंस. त्या सगळ्या माझ्याभोवती जमल्या, पण नक्षी बघायला नव्हे. त्यांनी ब्लाऊज उलटं केलं. दोन्ही बाजूंना आत इंचभर कापड राखलेलं आणि शेजारी शेजारी तीन टिपा. इथे दीड सेंटिमीटर सोडतात आणि बाकी कापून टाकतात. मी सांगितलं, अंग भरलं की एकेक टीप उसवायची, ब्लाऊज पुन्हा होतं. लेकीलाही होतं, तिला परत टीप घालून. त्यांनी विचारलं, याला तुमच्यात काय म्हणतात? मी म्हटलं, माया. मी कापताना आपली आजी ओरडायची ते आठवलं: "माया सोड गं, किती कडेला कापतेस!" मग त्या शब्दाचा दुसरा अर्थही सांगितला. सुदानची मैत्रीण बराच वेळ त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. आता गटात प्रत्येक जण इंचभर माया ठेवतो, आणि ते तसंच म्हणतात, 'माया'.

चिऊचा परकर वहिनीला महिनाभरात जमेल. नेफ्यात इलॅस्टिक ओवायचं तर टोकाला सेफ्टी पिन लावायची, आणि दुसरं टोक टाचून ठेवायचं, नाहीतर तेही आत निघून जातं. बाकी फोनवर दाखवते.

चिऊची कंबर आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची कळवा. इथून जवळच पेस्ली नावाचं गाव आहे. आपल्या कोयरीला इंग्रज लोक त्या गावाचं नाव देतात, कारण काश्मिरी शालींची नक्कल तिथल्या मागांवर व्हायची. तू भरतकामाला अँकरचा दोरा आणायचीस ना, त्याची मूळ गिरणीही तिथलीच. तिथल्या दुकानातून कोयरीचं सुती कापड आणलंय, चिऊपुरतं. पहिला परकर मी शिवते, दुसरा वहिनीने आजीच्या मशीनवर.

बाबांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी,
धाकटी

ता. क. लाकडी झाकणाची किल्ली देवघरातल्या पितळी डब्यात आहे, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली. आजीने मला दाखवली होती. दादाला कुलूप तोडू देऊ नकोस.