साबण लावून काढलेली अंगठी

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही लगेच विषय बदलता. परवाही तेच केलंत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय, चार लोकांना कळू दे तुम्ही काय केलंत ते.

त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी दुर्बिणीसाठी घरीच घासून केलेला आरसा तीन महिने चादरीखाली पडून होता. 30 इंच व्यास, 2 इंच जाडी, वजन 50 किलो. मी आणि भाऊ दोघं मिळून तो उचलायचो आणि प्रत्येक वेळी श्वास रोखून धरायचो. काच घासायच्या कार्बोरंडमच्या 80 नंबरच्या जाड भुकटीने सुरुवात केली होती. मध्यभागी जेमतेम 12 मिलिमीटर खोली आणायची, पण त्यासाठी खांदे भरून यायचे. मग एकेक नंबर बारीक करत पॉलिशपर्यंत आले. पिचचं, म्हणजे डांबरासारख्या राळेचं टूल, पॉलिशची सिरियम ऑक्साइडची पूड, आणि सतत एकच धास्ती, जाड भुकटीचा एक कण कुठून तरी येऊन पडेल आणि काचेवर ओरखडा उठेल. पॉलिश संपलं, सहा मीटरवर उभं राहून टेस्ट केली, आणि दिव्याचा ठिपका गोल दिसेना. फोकसच्या अलीकडे आडवा ताणलेला, पलीकडे उभा. कितीही पॉलिश केलं तरी तसाच.

तुमच्याआधी मी ज्यांना विचारलं त्यांच्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही, तो लपवणार नाही. एक तज्ज्ञ आले. बोलता बोलता खिशातल्या पेनाने काचेवर टकटक करत होते. पॉलिश केलेल्या बाजूवर! "काचच पिळलेली आहे, टाकून द्या," म्हणाले. टेस्ट स्टँडकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. नंतर एका वर्कशॉपने आरसा सात महिने ठेवून घेतला आणि हात न लावता परत पाठवला. सोबत एक ओळ: हौशी लोकांनी एवढा मोठा घाट घालू नये. त्या ओळीनंतर मी चादर टाकली ती टाकलीच.

आणि मग तुम्ही. मी चादर काढणार तेवढ्यात म्हणालात, "थांब, आधी साबण दे." मला वाटलं हात धुवायचेत. तुम्ही बेसिनपाशी उभे राहून बोटातली अंगठी काढत होतात. निघतच नव्हती. बोटाचा सांधा सुजलेला, अंगठी कित्येक वर्षांत काढलेली नसणार. साबण लावून, गार पाणी सोडून, फिरवत फिरवत पाच-सात मिनिटांनी निघाली. बोट लाल झालं होतं. अंगठी आणि घड्याळ रुमालात बांधून खिशात ठेवलंत आणि मग म्हणालात, "हं, आता बघू."

काका, ज्या काचेला सगळ्यांनी भंगार म्हटलं होतं, तिला ओरखडा पडू नये म्हणून तुम्ही बोट सोलवटून घेतलंत. आरसा सुधारेल की नाही हे तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते आज सांगतेय.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. काच स्टँडवर ठेवल्यावर दोन तास तुम्ही कुणाला टेस्ट करू दिली नाहीत. का, ते दाखवायला माझा अंगठा दहा सेकंद काचेवर टेकवायला लावलात आणि मग फूकोच्या सुरीआडून, म्हणजे आरशातून परतणारा प्रकाश पात्याने अर्धवट अडवून, बघायला सांगितलंत. जिथे बोट टेकलं होतं तिथे टेकाड उगवलेलं! नुसत्या अंगठ्याच्या उबेने काच फुगली होती. ते टेकाड विरताना मी कितीतरी वेळ बघत बसले. मग आपण काच स्टँडवरच चतकोर फिरवली. दोष काचेत असता तर ठिपक्याचा ताणही काचेबरोबर फिरला असता. तो जागचा हलला नाही. दोन खुंट्यांवर उभी केलेली एवढी मोठी काच स्वतःच्याच वजनाने वाकत होती. पट्ट्याच्या झोळीत टांगली आणि ठिपका गोल झाला. दोष स्टँडचा, आणि मी वर्षभर काचेला बोल लावत होते.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल दुर्बिणीचा आरसा पॉलिश करताना एकदा सलग 16 तास हात काढेना, तेव्हा त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. तिने पुढे स्वतः धूमकेतू शोधले, पण मला नेहमी तो घासच आठवतो. मोठ्या आरशामागे असं कुणीतरी असतंच. ज्ञान असलेले लोक मला बरेच भेटले. दुसऱ्याच्या कष्टाला हात लावण्याआधी स्वतःचे हात तपासणारे तुम्ही पहिले.

चेंडूसारख्या गोलाईच्या आरशाला पॅराबोलाचा, म्हणजे ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत आणणारा आकार द्यायला नंतर पाच महिने लागले. मध्य जुळवला तर कडेला दोन्ही आकारांतला फरक जेमतेम 12 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 12 हजारांश, पण त्याने घाम काढला. कड थोडी उतरली होती, तीही सावरली. आता ॲल्युमिनियमचा लेप तेवढा राहिलाय.

तुम्ही म्हणाला होतात की जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी काचा घासल्या, पण एवढ्या मोठ्या आरशातून आकाश कधी पाहिलं नाही. पहिली नजर तुमचीच. शौरी तारकासमूहातला तारकागुच्छ लावून ठेवते. डोळा लावायची भिंग, आयपीस, तीन मीटर उंचीवर येतेय आणि तुमचे गुडघे मला माहीत आहेत, म्हणून शिडीच्या दोन्ही बाजूंना कठडा बसवायला घेतलाय. पायऱ्याही रुंद केल्यात.

तुमची,
30 इंची आरशावाली

ता. क. त्या दिवशीची साबणाची वडी अजून बेसिनपाशी आहे. आरशाला हात लावायला येणारा प्रत्येक जण आता आधी तिथे जातो.