खरेदी सूचनेचे 24 महिने : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : उपनगरी नगरपरिषदांच्या हातून जाणाऱ्या आरक्षित जमिनी

महोदय,

अंबरनाथ, बदलापूर, तळेगाव दाभाडे अशा मुंबई-पुण्याभोवतीच्या गावांत इमारती आधी उभ्या राहतात. मैदान, शाळा, मंडई मात्र विकास आराखड्याच्या नकाशावर रंगीत चौकोन होऊन पडून असतात. अशा नगरपरिषदांतले हे चौकोन, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखून ठेवलेल्या खासगी जमिनींची आरक्षणे, पुष्कळदा आवक-जावकच्या टेबलावरच पुसले जातात. ते कसे घडते, हे सविस्तर लिहीत आहोत, कारण ते थांबवणे तुमच्या खात्याच्या हातात आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा अंमलात येऊन 10 वर्षे झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक हक्काच्या कागदपत्रांसह खरेदी सूचना, म्हणजे 'आता जमीन घ्या' अशी लेखी नोटीस, बजावू शकतो. तिथून 24 महिन्यांत जमीन घेतली नाही, किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते आणि जमीन मालकाला मोकळी होते. ही मुदत मुळात 6 महिन्यांची होती. 2009 मध्ये 12 आणि 2015 मध्ये 24 महिने झाली. मुदत चौपट झाली तरी आरक्षणे जातच आहेत, कारण वाया जातात ते सुरुवातीचे महिने.

सूचना येते, आवक क्रमांक पडतो. मग ती नगररचना विभागात जाते, नाहीतर विधी लिपिकाकडे. पूर्णवेळ विधी अधिकारी अनेक ठिकाणी नाहीच. लेखा विभागाच्या नजरेला ती पडत नाही. त्यामुळे अंदाजपत्रक तयार होताना भूसंपादनाच्या लेखाशीर्षाखाली गेल्या वर्षीचीच नाममात्र तरतूद पुढे ओढली जाते. वर्षभराने मालकाच्या वकिलाचे स्मरणपत्र आले की धावपळ सुरू होते. सर्वसाधारण सभेत ठराव होतो, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो, आणि आरक्षण वाचले असे सगळे धरून चालतात.

ते वाचलेले नसते. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 मध्ये आणि पुन्हा श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. नुसता ठराव किंवा नुसता प्रस्ताव म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. मुदतीच्या आत भूसंपादनाची घोषणा व्हावी लागते. श्रीरामपूर ही नगरपरिषदच होती, तरी त्या निकालाचा सारांश किती मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर आहे, याची काळजी वाटते.

आता पैशाचे. समजा, बागेची जमीन 20 गुंठे आहे, म्हणजे सुमारे 2,023 चौरस मीटर. चौरस मीटरला 10,000 रुपये दर धरला तर बाजारमूल्य 2 कोटी 2 लाख. त्यावर 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 4 कोटी 5 लाखांच्या आसपास. बाजारमूल्यावर वार्षिक 12 टक्क्यांची वाढ वेगळी. ही रक्कम आणायची कुठून? पंधराव्या वित्त आयोगाचे 2021 ते 2026 या काळातले 60 टक्के अनुदान पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. मालमत्ता कर पगार, वीजबिल आणि कचऱ्याच्या ठेक्यात जातो. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढत राहते, मागणीचा आकडा फुगतो आणि कागदावर उत्पन्न भरपूर दिसते. त्या न वसूल होणाऱ्या रकमेच्या भरवशावर केलेली तरतूद प्रत्यक्ष भरणा करायच्या दिवशी रिकामी निघते.

रोखीऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची सोय कलम 126 मध्ये आहे. त्याला मालकाची संमती लागते, आणि लहान शहरात त्या हक्काला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. तरी पहिल्या महिन्यात विचारले तर काही मालक तयार होतात. बाविसाव्या महिन्यात सहसा कोणी होत नाही. तोवर जमीनच मोकळी होणार हे त्याला दिसत असते.

म्हणून आमची मागणी आहे की, खरेदी सूचना आल्याच्या 7 दिवसांत तिची नोंद वेगळ्या नोंदवहीत व्हावी आणि प्रत लेखापालाकडे जावी. नोंदवहीत पोचेची तारीख, 24 महिने संपण्याची तारीख, गट क्रमांक, क्षेत्र, अंदाजित मोबदला आणि आज उपलब्ध असलेली रक्कम एवढे तरी हवे. पहिल्या 30 दिवसांत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार आणि मुखत्याराने सही केली असल्यास त्याचा अधिकार तपासावा. सहहिस्सेदारांपैकी एकानेच सूचना दिली असेल, तर त्रुटी तेव्हाच लेखी कळवावी. पुढे न्यायालयात शपथपत्रातून पहिल्यांदाच काढलेली हरकत लंगडी पडते. तिसऱ्या महिन्यापर्यंत संयुक्त मोजणीचा अर्ज आणि शुल्क भरलेले असावे, सहाव्या महिन्यापर्यंत ठराव होऊन रक्कम जमा व्हावी. असे झाले तर घोषणेसाठी पूर्ण 18 महिने हाती उरतात.

महाराष्ट्र नगरपरिषदा लेखा संहिता, 2013 प्रमाणे लेखे ठेवताना प्रत्येक जिवंत खरेदी सूचना वार्षिक लेख्यांत संभाव्य दायित्व, म्हणजे पुढे भरावी लागू शकणारी रक्कम, म्हणून दाखवणे सक्तीचे करा. लेखापरीक्षकाला ती दिसली की आक्षेप निघेल आणि अनुपालन मागितले जाईल. बांधकाम परवानगी देताना घेतल्या जाणाऱ्या विकास शुल्काचे बँक खाते वेगळे ठेवून त्यातला ठरावीक हिस्सा आरक्षणांसाठी राखा. एवढ्याने भागणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून राज्य पातळीवर फिरता निधी काढा : जमिनीची रक्कम निधीने भरावी आणि नगरपरिषदेच्या सहाय्यक अनुदानातून ती हप्त्याने वळती करून घ्यावी.

प्रत्येक आरक्षण घेणे शक्य नाही, हे उघड आहे. एखादी जमीन घ्यायची नसेल तर नगरपरिषदेने सूचना मिळाल्यापासून 90 दिवसांत कारणांसह तसा ठराव करावा आणि तो नगरपरिषदेच्या फलकावर व संकेतस्थळावर लावावा.

आपले,
नगरपरिषद कायदा व लेख्यांचे अभ्यासक