आत्याबद्दल सांगायचं राहिलं

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

उद्यापासून तू पुन्हा कॉलेजला जाणार. समोर बसून बोलायला गेलो की घसा दाटतो, म्हणून तुम्ही दोघी झोपल्यावर ओट्यापाशी बसून लिहितोय.

पहिल्या भेटीत मानसोपचाराच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात, नात्यात कुणाला असा त्रास होता का?" तू मान खाली घालून बसली होतीस. मी लगेच म्हणालो, "नाही, कुणालाच नाही." ते खोटं होतं.

माझी एक आत्या होती. शिवणकाम करायची. तिला उधाण आलं की तीन-तीन रात्री मशीनचा आवाज थांबायचा नाही. शेजारणींची पोलकी, परकर, कुणी न सांगितलेले पडदे, सगळं शिवून काढायची. मग एक दिवस भिंतीकडे तोंड करून झोपायची ती महिनोन्महिने तशीच. १९७८ साली, मी सहावीत असताना, तिला येरवड्याच्या मनोरुग्णालयात ठेवलं. ठेवणारे आम्ही आणि विसरणारेही आम्हीच. आजोबांबरोबर एकदा लाडवांचा डबा घेऊन गेलो होतो, तेव्हा मला बाहेर झाडाखाली बसवलं. पुढे घरात तिचं नाव निघालं नाही. शाळेत पोरं एकमेकांना "ह्याला येरवड्याला पाठवा रे" म्हणायची, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. कुणाला संशय येऊ नये म्हणून.

माझ्या त्या "नाही"ची किंमत तू मोजलीस. सबमिशनच्या आठवड्यात तू चार रात्री झोपली नव्हतीस. भिंतभर पवनचक्कीच्या पात्यांची स्केचेस, आईच्या कार्डावर मागवलेल्या ३८ हजारांच्या मोटरी आणि बेअरिंग. आम्ही पाहुण्यांना खोलीत नेऊन कौतुकाने दाखवत होतो. पुढे तू एम-थ्रीच्या, गणिताच्या पेपरला कोरी उत्तरपत्रिका ठेवून उठलीस, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. त्यांना सांगितले फक्त ते उदास दिवस. त्या चार रात्रींना आम्ही हुशारी समजत होतो, त्यामुळे ते सांगायचं सुचलंच नाही. त्यांनी ऐकलं त्यावरून नैराश्याची गोळी दिली. आजार बायपोलर, म्हणजे कधी उधाण तर कधी उदासी असा, असेल आणि नुसती तीच गोळी दिली, तर उलट उधाण येऊ शकतं. तुला आलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी आत्याचं सगळं सांगितलं, पण तुला बाहेर बाकावर बसवून. मला झाडाखाली बसवलं होतं, तसंच.

हा आजार घराण्यातून येऊ शकतो. माऊ, तुझ्या अभ्यासाच्या ताणाने तो हलला असेल, पण तू कमी पडलीस म्हणून झालेला नाही. आत्याही कमी पडली नव्हती.

लिथियम सुरू करताना डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा मारल्या होत्या, आठवतं? रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या मधे हवी. खाली गेली तर उपयोग नाही, फार वर गेली तर विष. भोसरीच्या टूलरूममध्ये २९ वर्षं गो-नोगो गेज, म्हणजे माप दोन हद्दींच्या आत आहे का ते तपासायचं साधन, हातात घेऊन काढलेल्या माणसाला ते एका क्षणात कळलं. म्हणून मी पाणी पी, पाणी पी करत मागे लागतो. मीठ एकदम तोडायचं नाही. डोकं दुखलं म्हणून परस्पर आयबुप्रोफेन घ्यायची नाही, त्याने लिथियमची पातळी चढते.

ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली हे औषध उधाण आलेल्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं. म्हणजे आत्या होती तेव्हा ते जगात होतं. तिला काय देतात, हे आमच्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही. वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुझ्या कंपासपेटीत न घेतलेल्या अकरा गोळ्या सापडल्या, तेव्हा मी ओरडलो. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, मायक्रोमीटर धरला की हात थरथरतो. लॅबमध्ये सगळे बघतात." त्या वाक्यानंतर मी गप्प बसून ऐकायला हवं होतं. मी अर्धा तास बोललो. मायक्रोमीटरवर हात थरथरणं म्हणजे काय, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? ती थरथर या औषधाने येते, आणि डॉक्टरांना सांगितलं तर डोस, वेळ बदलून बघता येते, त्यासाठी वेगळी गोळीही असते. त्यांना सांग. मला नको सांगूस हवं तर. पण एकदम बंद करू नकोस. गेल्या वेळी बंद केलंस आणि वायडी झाला, वर्ष वाया गेलं. वर्ष गेलं याचं मला दुःख नाही. तू ते सगळं एकटीने सोसलंस, याचं आहे.

या वेळी सबमिशनला जागायचं नाही. जर्नल अपुरं गेलं तर जाऊ दे. झोप तीन-चार तासांवर आली आणि तरी थकवा वाटेना, तर रात्री दोन वाजता असो, मला उठव. माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस आहे ते, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

कॅम्पस इंटरव्ह्यूला सांगावं लागेल का, असं तू आईला विचारत होतीस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या आजाराची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क दिलाय. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव. मी नातेवाइकांत कावीळ झाली म्हणून सांगत सुटलो, आणि शेजारच्या काकूंनी आणलेला उसाचा रस तुला रोज प्यावा लागला. ते मी ठरवायचं नव्हतं.

आत्याचा एक फोटो आहे, मशीनवर बसलेला. लोखंडी पेटीतून काढून पुसून ठेवलाय. तू बघ, मग कुठे लावायचा ते सांग.

शनिवारी रक्त द्यायचंय. शुक्रवारी रात्री नऊला गोळी घे, म्हणजे सकाळी नऊला बारा तास होतात. सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घे. मी स्कूटर काढून ठेवतो.

तुझा,
बाबा