आधी आतली पिशवी, मग बाहेरची

दादर, १० नोव्हेंबर

प्रिय नंदू,

तुझ्या रेकॉर्डींचा फोटो नीट पाहिला. तीनशे एलपी, आणि त्यातल्या निम्म्या त्या जाड, मऊ, पिवळट पडलेल्या कव्हरांत. नवी कव्हरं कोणती घ्यायची ते सांगतोच, पण ती मऊ कव्हरं आधी काढ. नवी येईपर्यंत रेकॉर्डी नुसत्या पुठ्ठ्याच्या जॅकेटमध्ये राहिल्या तरी चालतील.

ती कव्हरं पीव्हीसीची असणार. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलकट प्लॅस्टिसायझर घालतात, आणि तो वर्षानुवर्षं पाझरत राहतो. रेकॉर्डही पीव्हीसीचीच, त्यामुळे तिच्यात तो सहज मुरतो. मग काळ्या अंगावर दुधाळ पट्टे उमटतात आणि तेवढ्या भागात सुई फुसफुसत राहते. हे डाग धुऊन जात नाहीत. मध्ये जॅकेट आणि कागदी इनर (आतली पिशवी) असला तरी धोका टळत नाही. खात्री करायची असेल तर कव्हराचा नखाएवढा तुकडा काप, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून तो बोटाने खाली दाब. तळाशी बसला तर पीव्हीसी, वर आला तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा पॉलिथीन. नाकाला सवय असेल तर तेवढंही करायला नको, नव्या रेनकोटचा वास लगेच कळतो.

आता खर्चाचं. सगळे बाहेरच्या चकचकीत कव्हरावर पैसे घालतात आणि आत तोच जुना खरखरीत कागद ठेवतात. तू उलट कर. रेकॉर्डला प्रत्यक्ष टेकतो तो इनर. जुन्या कागदाचा भुसा खाचांत जातो, आणि रेकॉर्ड दर वेळी आतबाहेर करताना बारीक केसासारखे चरे पडतात. चांगल्या रेकॉर्डींना तीन पदरी इनर घे: दोन्ही बाजूंना एचएमचा (एक प्रकारचं पॉलिथीन) पातळ दुधी पापुद्रा, मध्ये कागद. बाकीच्यांना नुसती एचएमची पिशवी पुरे, ती जुन्या कागदी इनरच्या आत सरकवायची. शक्यतो तळाला गोल असलेली घे. चौकोनी पिशवीचे कोपरे जॅकेटमध्ये दुमडतात, आपण जोर लावतो आणि जॅकेटची खालची शिवण उसवते. बाजारातली साधी एचएम घेतलीस तर दोन गोष्टी विचार: प्लॅस्टिकचा दाणा व्हर्जिन, म्हणजे कोरा, पुन्हा वितळवलेला नाही ना, आणि माल स्लिपचा तर नाही ना. पिशव्या एकमेकींवरून सहज सरकाव्यात म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं स्लिप हे रसायन हळूहळू पृष्ठभागावर येतं, ते रेकॉर्डवर नको. दुकानदाराला सांगता आलं नाही तर इनर तयार, रेकॉर्डसाठीचेच माग.

धुतल्याशिवाय नव्या इनरमध्ये घालू नकोस, नाहीतर पहिल्याच दिवशी इनर मळेल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं. लेबल कोरडं ठेव आणि रेकॉर्ड पूर्ण वाळू दे.

बाहेरचं कव्हर मात्र मशीद बंदरच्या पॅकिंगवाल्यांकडून किलोवर घेतलं तरी चालतं. तिथे जाडी मायक्रॉनमध्ये बोलत नाहीत, गेजमध्ये बोलतात. १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन. तुला ३०० गेज हवं. २०० गेजची पिशवी चुरगळते, ४०० ची इतकी जाड की रॅकमध्ये जागा खाते. पीपी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण कडकडतं आणि वेल्डिंगवर, म्हणजे तापवून जोडलेल्या कडेवर, उलतं. एलडी (मऊ पॉलिथीन) जरा धुरकट, पण मऊ, कोपऱ्यावर फाटत नाही. रोज हाताळायच्या रेकॉर्डींना मी एलडीच सांगेन. दिखाऊपणा हवा असेल तर पीपी घे.

माप जॅकेटवरून काढ. साधं जॅकेट साडेएकतीस सेंटिमीटरचं. त्यात जाडीचे चार मिलिमीटर आणि सैलपणाचे पाच मिळव, म्हणजे रुंदी पावणेतेरा इंच. उंची साडेबारा. दोन रेकॉर्डींच्या उघडत्या जॅकेटला रुंदी तेरा घे. घट्ट पिशवीत जॅकेट कोंबलं की त्याचे कोपरे वाकतात. वजनावरून गेजही पडताळता येतं: या मापाची ३०० गेजची पिशवी साधारण चौदा ग्रॅमची, म्हणजे किलोला सत्तरच्या आसपास बसतात. शंभर बसल्या तर तुला २०० गेजचा माल दिलाय. शर्टाच्या पॅकिंगसारखी चिकटपट्टीचं झाकण असलेली पिशवी नको. काढताना पट्टी जॅकेटला चिकटते आणि छपाईसकट कागद सोलून आणते.

झाकण नको याचं दुसरं कारण मुंबईची हवा. बुरशीला सत्तर टक्क्यांच्या वरची आर्द्रता पुरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ती महिनाभर त्याच्या वर असते. रेकॉर्डला स्वतःला फारसं काही होत नाही, पण जॅकेटचा कागद, खळ आणि बोटांचा मळ हे बुरशीचं खाद्य. ओलसर जॅकेट बंद पिशवीत घातलं की ओल आतच राहते. म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत कर. जॅकेटं रिकामी करून पंख्याखाली दोन-तीन तास उभी उघडी ठेव. उन्हात नको, रंग उडतो. बुरशीचा पांढरा थर असेल तर गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून, कोरड्या मऊ ब्रशने झाड. ओलं फडकं लावलंस तर डाग आत मुरेल.

ठेवताना इनरचं तोंड वर, जॅकेटचं उजवीकडे, बाहेरच्या पिशवीचं वर. इनर आणि जॅकेटची तोंडं काटकोनात असली की रेकॉर्ड घरंगळत नाही आणि धूळ सरळ आत शिरत नाही. रेकॉर्डी उभ्याच ठेव, कललेल्या नकोत आणि ठासूनही नकोत. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात तर मुळीच नको, पावसाळ्यात ती भिंत घाम गाळते.

काकांच्या नाट्यसंगीताच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या यात मिसळू नकोस. त्या लाखेच्या, दहा इंची. आयसोप्रोपिलचा थेंबही नको, लाख विरघळते. त्यांना आम्लरहित जाड कागदाचं पाकीट, प्लॅस्टिक नाहीच.

एकदम साडेचार किलो उचलू नकोस. आधी एक किलो घे, सोबत एक साधं आणि एक उघडतं जॅकेट ने, आणि दुकानातच घालून बघ. जॅकेट आत अडखळत जात असेल तर पाव इंच वाढवून माग.

तुझा,
विनू