जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या सुभेदार साहेबांस

आदरणीय सुभेदार साहेब,

जय हिंद.

बँकेतला माझा प्रोबेशनचा काळ संपला आणि कायम झाल्याचं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. घरात सगळ्यांनी ते वाचलं आणि प्रत्येकाच्या तोंडी तुमचंच नाव आलं. कार्यालयात येऊन हार घालावा, तर तुम्हाला ते खपत नाही. फोनवर दोन शब्द बोलून मोकळं व्हावं, तर माझं मन मानत नाही. म्हणून हे जाहीर पत्र. जाहीर अशासाठीही, की 'कल्याण संघटक' अशी पाटी असलेल्या तुमच्या टेबलावर काय काम चालतं, हे बोर्ड आउट होऊन, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून बाहेर पडून, घरी बसलेल्या कितीतरी जवानांना ठाऊक नसतं.

साहेब, पाय गेला तेव्हा पलटण माझ्या पाठीशी होती. नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना, बर्फ वितळल्यावर जागेवरून सरकलेल्या सुरुंगावर पाय पडला. पुढचं सगळं लष्कराने केलं. हेलिकॉप्टर, ऑपरेशन, मग पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र. १९४४ पासून जवानांना पुन्हा पायावर उभं करणाऱ्या त्या जागेचं ऋण मी विसरणार नाही. स्टंपला, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाला, घट्ट पट्ट्या बांधून आकार देणं, दोन दांड्यांच्या मध्ये तात्पुरत्या पायावर पहिली पावलं टाकणं, स्टंप बारीक झाला की सैल पडलेलं सॉकेट बदलून घेणं, हे सगळं तिथे शिस्तीत होतं. शेजारच्या खाटेवरचा जवान आपल्याआधी चालायला लागला की आपल्यालाही चेव चढतो. तिथे मी एकटा नव्हतो.

एकटेपणा घरी आल्यावर सुरू झाला. गावात लोक मान देतात, पंधरा ऑगस्टला खुर्ची देतात. भेटायला येणारा प्रत्येक जण मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगायचा. १९६५ च्या युद्धात जखमी झालेला हा आपल्या सांगलीकडचा जवान १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकतो, याचा मलाही अभिमान आहे. पण दर महिन्याला बँकेत जमा होणारा आकडा पाहून घर कसं चालवायचं, हा प्रश्न त्या गोष्टीने सुटत नव्हता. तुम्ही ती गोष्ट सांगितली नाहीत. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "रात्री झोप लागते का?" नसलेला पाय दुखतो, हे मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं. त्याला औषधोपचार असतो, ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना हेच शब्द सांग, लाजू नकोस, असं तुम्ही म्हणालात. मगच कागद मागितलेत.

त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मला नीट लिहायचं आहे. पिशवीतले कागद टेबलावर ओतून तुम्ही तारखेनुसार लावलेत. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाची प्रत, इंज्युरी रिपोर्ट, पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश. मग लाकडी पट्टी घेऊन एकेका ओळीखाली धरत वाचत गेलात. घाई नाही, मध्ये फोन नाही. पीपीओवर एका ठिकाणी पट्टी थांबली. तिथे मला साधं अपंगत्व निवृत्तिवेतन दाखवलं होतं. युद्धजखमेचं नव्हतं.

मी म्हणालो, साहेब, सुरुंग आपल्याच बाजूने पेरलेला होता, शत्रूची गोळी थोडीच लागली? मला तसंच सांगण्यात आलं होतं. तुम्ही कपाटातून संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१ चं पत्र काढलंत आणि 'ई' वर्गाचा परिच्छेद माझ्यासमोर ठेवलात. नियंत्रण रेषेजवळच्या मोहिमेच्या भागात सुरुंगक्षेत्र पार करताना झालेली इजा त्यात येते. सुरुंग शत्रूने पेरलेला असो वा आपल्या सैन्याने, तसं तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

ज्यांना हा फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभर टक्के अपंगत्व धरलं तर साध्या अपंगत्वाचा हिस्सा शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. युद्धजखमेमुळे बोर्ड आउट झालेल्याला तोच हिस्सा शेवटच्या पगाराइतका मिळतो. सेवेचा हिस्सा दोन्हीकडे याशिवाय मिळतो. माझं अपंगत्व बोर्डाने ६० टक्के ठरवलं होतं आणि नियमाप्रमाणे ते ७५ टक्के धरलं जातं, कारण ५० ते ७५ च्या मधलं सगळं ७५ वर नेतात. एका चुकीच्या वर्गामुळे घरात येणाऱ्या पैशांत केवढी तफावत पडली असेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. चूक कोणत्या टेबलावर झाली ते तुम्ही शोधत बसला नाहीत. "भांडायचं नाही, लिहायचं," एवढंच म्हणालात आणि अर्जाचा मसुदा माझ्याकडूनच लिहून घेतलात. मी लिहायचो, तुम्ही खोडायचात. 'कृपया दया करून' असे शब्द होते, ते तुम्ही काटले आणि वर लिहिलंत, 'नियमानुसार'.

साहेब, तो काटलेला शब्द मला पैशांपेक्षा मोठा वाटतो. पैसे थकबाकीसह आले, त्याने कर्ज फिटलं. पण तोवर मी सरकारी दारात मान खाली घालून उभा राहत होतो.

उत्तर यायला वेळ लागला. मधल्या काळात माझा धीर सुटला की तुम्ही पुढची पायरी सांगायचात. पहिलं अपील, दुसरं अपील, आणि तेही फेटाळलं गेलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्यापर्यंत जावं लागलं नाही.

त्याच काळात तुम्ही मला खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये कोर्ससाठी पाठवलंत. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, जायबंदी सैनिकांसाठी मुंबईत निघालेली ही संस्था आजही त्यांनाच धंदेशिक्षण देते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. संगणक तिथेच शिकलो. परत आलो तेव्हा तुम्ही सरकारी बँकांच्या भरतीची जाहिरात काढून ठेवली होती. लिपिक पदांत माजी सैनिकांना १४.५ टक्के आरक्षण, आणि त्यातले ४.५ टक्के कारवाईत अपंग झालेल्यांसाठी व कारवाईत कामी आलेल्यांच्या वारसांसाठी. इथेही 'कारवाईत' हाच शब्द कळीचा. कागदावरचा वर्ग तसाच चुकीचा राहिला असता, तर हे दारही मला बंद होतं. परीक्षा मी दिली, अभ्यास मी केला, पण ते दार आहे हे तुम्ही दाखवलंत.

आणखी एक. माझ्या बायकोला तुम्ही मुद्दाम बोलावून घेतलंत. "ताई, हा ऑफिसला गेल्यावर कुणी विचारलं तर कागद तुम्हाला सापडले पाहिजेत," असं म्हणून प्रत्येक कागद कशासाठी लागतो ते तिला समजावलंत. पीपीओवर तिच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नव्हतं. उद्या माझं बरंवाईट झालं असतं तर तिला तिथेच अडवलं गेलं असतं. ते तुम्ही 'स्पर्श' या निवृत्तिवेतनाच्या पोर्टलवर दुरुस्त करून घेतलंत. आमच्या घरात फाइल आता तिच्या ताब्यात आहे आणि मला काही हवं असेल तर तिला विचारावं लागतं. आईला याचं फार कौतुक.

सरकारने योजना केल्या, पैसे ठेवले, नियम चांगले लिहिले, हे मी मनापासून मान्य करतो आणि त्याबद्दल ऋणी आहे. पण दवाखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाला ते वाचता येत नाहीत. इंग्रजी अडतं, मन थाऱ्यावर नसतं, आणि हात पसरल्यासारखं वाटतं म्हणून तो विचारतही नाही. माझं स्पष्ट मत आहे की बोर्ड आउट होणाऱ्या प्रत्येक जवानाला त्याच्या जिल्ह्यातल्या कल्याण संघटकाचं नाव आणि फोन नंबर दवाखान्यातच लिहून द्यावा. आणि तुमच्यासारख्यांच्या हाताखाली आणखी माणसं द्यावीत. एका टेबलावर एवढ्या तालुक्यांचा भार बरोबर नाही.

आता एक विनंती. आमच्या पलटणीतला एक पोरगा नुकताच घरी आलाय. उजवा हात कोपरापासून गेलाय. फोन उचलत नाही, पण मी घरी गेलो तेव्हा बोलला. येत्या सोमवारी त्याला घेऊन येतोय. त्याचे कागद मी तारखेनुसार लावले आहेत आणि इंज्युरी रिपोर्टची प्रत मिळत नाहीये, तेवढी मागवायला अर्ज लिहून ठेवलाय. तुम्ही एकदा नजर घाला, मग टाकतो.

आपला,
एक माजी नाईक