शंभर टक्के म्हणजे नेमकं किती?

ती. बाबा,
सा. न.

तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलेली बातमी वाचली. सूर्यप्रकाश शंभर टक्के वापरणारे जिवाणू, त्यांच्या पोटात म्हणे क्वांटम संगणक, आणि खाली तुमचा प्रश्न: "हेच का गं तुझं काम? मग सौर पॅनेलं अशी का बनवत नाहीत?" फोनवर सांगायला गेले की निम्मं राहून जातं आणि उरलेलं निम्मं तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच पाठवते. आईलाही वाचून दाखवा. कंटाळली तर मधली आकडेमोड गाळा.

मी ज्याच्यावर काम करते तो जिवाणू म्हणजे रोडोबॅक्टर स्फेरॉइडिस. हवा मिळत असेल तर हा अंधारातही मजेत वाढतो, आणि तेव्हा रंगद्रव्यं बनवायच्या भानगडीत पडत नाही. फिकट राहतो. पण बाटली गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावायचं, आतला प्राणवायू संपू द्यायचा आणि बाटली दिव्याजवळ ठेवायची, की काही दिवसांत सगळा द्रव गडद तांबडा-जांभळा होतो. दिवा मात्र जुन्या पद्धतीचा, तापणारा चांगला. या मंडळींना हवा असलेला प्रकाश बराचसा अवरक्त असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. वरच्या पाण्यातल्या शेवाळानं दृश्य प्रकाश खाऊन टाकला की खाली जे उरतं त्यावर यांचं भागतं. झाडांसारखा प्राणवायू ते सोडत नाहीत, कारण इलेक्ट्रॉनसाठी ते पाणी फोडतच नाहीत. माझा जिवाणू सेंद्रिय आम्लांवर काम चालवतो, त्याचे काही भाऊबंद हायड्रोजन सल्फाइडवर. व्हॅन नील या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं 1930 च्या दशकात याच भाऊबंदांकडे बघून तर्क लढवला, की झाडांनी सोडलेला प्राणवायू कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, पाण्यातून येत असणार. तो तर्क पुढे खरा ठरला.

आता प्रकाश पकडण्याचं. हरितद्रव्याचा एक रेणू भर उन्हात ठेवला तरी त्याच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम दहाएक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, येतात. त्या प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारी यंत्रणा, जिला आम्ही अभिक्रिया केंद्र म्हणतो, ती मात्र सेकंदाला शेकडो फोटॉन सहज हाताळू शकते. एवढं महागाचं यंत्र रिकामं बसवून ठेवणं परवडत नाही. म्हणून त्याच्याभोवती नुसतेच प्रकाश गोळा करणारे रेणू मांडलेले असतात. याला अँटेना म्हणतात.

माझ्या जिवाणूसारख्या जांभळ्या जिवाणूंच्या अँटेनाची खरी रचना कळली 1995 मध्ये, ग्लासगोच्या गटानं एका जिवाणूतल्या 'एलएच 2' या प्रथिनाच्या स्फटिकाचा नकाशा काढला तेव्हा. बॅक्टेरिओक्लोरोफिलचे, म्हणजे जिवाणूंमधल्या हरितद्रव्याचे, 27 रेणू दोन कड्यांत बसलेले: एका कड्यात 9, जरा लांब लांब, दुसऱ्यात 18, एकमेकांना जवळजवळ चिकटून. पहिलं कडं 800 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घेतं, दुसरं 850 चा. गंमत म्हणजे दोन्हीकडचा रेणू अगदी तोच.

हे मी हातानं करून बघितलंय. शुद्ध केलेलं एलएच 2 काचेच्या छोट्या चौकोनी नळीत घेऊन यंत्रात ठेवलं की पडद्यावर 800 आणि 850 ला दोन टोकदार शिखरं उमटतात. त्यातलाच थोडा नमुना ॲसिटोन-मिथेनॉलमध्ये मिसळला की प्रथिनाचा डौल मोडतो, रंगद्रव्यं सुटी होतात आणि दोन्ही शिखरं गायब होऊन 770 च्या आसपास एकच उंचवटा राहतो. म्हणजे 'कुठला प्रकाश घ्यायचा' हे रेणू एकटा ठरवत नाही. त्याला कुठे, कोणाच्या शेजारी, किती अंतरावर बसवलंय यावर ते ठरतं.

आता ही ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाते कशी? मला सतारीच्या तरफेच्या तारा आठवतात. वरची तार छेडली की खालची, त्याच स्वरात लावलेली तार कोणी हात न लावता झंकारते. रेणूंचंही तसंच. पहिला रेणू प्रकाश बाहेर टाकतो आणि दुसरा तो झेलतो, असं होत नाही. दोघांचे स्वर जुळत असतील तर ऊर्जा सरळ तिकडे उमटते. फोर्स्टर या शास्त्रज्ञानं 1948 मध्ये याचं गणित मांडलं. अंतर दुप्पट झालं की वेग चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे इथे नॅनोमीटरचा दहावा भागसुद्धा महत्त्वाचा.

800 च्या कड्याकडून 850 च्या कड्याकडे जायला साधारण एक पिकोसेकंद लागतो, म्हणजे एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका वेळ. तिथून एलएच 1 नावाच्या मोठ्या कड्याकडे तीन ते पाच पिकोसेकंद. हे कडं 875 नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि अभिक्रिया केंद्राला वेढून बसलेलं असतं. बघा, तरंगलांबीचा आकडा दर टप्प्याला वाढतोय, आणि तरंगलांबी जितकी जास्त तितकी ऊर्जा कमी, म्हणजे ऊर्जा दर टप्प्याला थोडी कमी होतेय. उतार आहे, म्हणून ती सहसा मागे फिरत नाही. एवढं सगळं उरकायला हाताशी असतो सुमारे एक नॅनोसेकंद. तेवढ्यात काम झालं नाही तर ऊर्जा उष्णता किंवा चमक होऊन वाया जाते.

मग शेवटचा टप्पा, एलएच 1 कडून मधल्या केंद्राकडे. इथे चक्क पस्तीस ते पन्नास पिकोसेकंद लागतात. सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि तोच सगळ्यात संथ! कारण साधं आहे, कड्यातले रेणू आणि मधली खास जोडी (केंद्रातले बॅक्टेरिओक्लोरोफिलचे दोन रेणू, ज्यांच्यातून इलेक्ट्रॉन सुटतो) यांच्यात जवळपास चार नॅनोमीटरचं अंतर सोडलंय. जवळ आणून बसवलं असतं तर काम भराभर झालं असतं. पण ती जोडी इलेक्ट्रॉन देऊन बसली की इतकी हपापलेली असते, की शेजारी कोणी हाताला लागला तर त्याचाच इलेक्ट्रॉन ओढून घेईल. तसं झालं तर तो शेजारी अँटेना म्हणून निकामी, शिवाय येणारी ऊर्जाही तोच गिळत बसणार. इलेक्ट्रॉनला चार नॅनोमीटरची उडी झेपत नाही, ऊर्जेला झेपते. म्हणून ऊर्जा आत येते आणि इलेक्ट्रॉनची चोरी होत नाही. हाताशी हजार पिकोसेकंद असताना पन्नास खर्च झाले तर बिघडलं कुठे? या सगळ्या रचनेत मला सर्वांत जास्त आवडतं ते हे सोडलेलं अंतर. वर्तमानपत्रवाल्यांना मात्र नुसता वेगच दिसतो.

केंद्रात पोचल्यावर तीनेक पिकोसेकंदांत इलेक्ट्रॉन जोडीतून सुटतो, पुढच्या सुमारे दोनशे पिकोसेकंदांत क्विनोन नावाच्या, इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या एका रेणूपर्यंत जातो, आणि परतीची वाट त्या मानानं इतकी मंद की तो परत येत नाही. या केंद्राचा पहिला अणुपातळीवरचा नकाशा काढणाऱ्या डायसेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना 1988 चं नोबेल मिळालं.

तर तुमचे शंभर टक्के इथले. 1974 मध्ये राइट आणि क्लेटन यांनी मोजलं: केंद्रानं शोषलेल्या दर फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन सुटतो, मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत अगदी एकास एक. बातमीचं हे वाक्य खरं. पण ही मोजदाद नगांची आहे, ऊर्जेची नाही. आत येताना फोटॉनची ऊर्जा असते साधारण 1.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि क्विनोनपाशी पोचलेल्या इलेक्ट्रॉनपाशी उरते जेमतेम अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट. निम्म्याहून जास्त उष्णता होऊन गेली. परतीची वाट बंद ठेवायची ती किंमत. म्हणजे एकही नग हरवला नाही, पण प्रत्येक नग अर्ध्याहून कमी भावानं विकला!

क्वांटम संगणकाबद्दल मात्र स्पष्टच सांगते: नाही. 2007 मध्ये बर्कलीच्या गटानं हिरव्या गंधक जिवाणूंच्या एका प्रथिनात, उणे 196 अंशांना, लहरींसारखे ठोके पाहिले, आणि जिवाणू एकाच वेळी सगळ्या वाटा चाचपून सर्वांत सोयीची निवडतात असे मथळे सुटले. पुढे अनेक गटांनी पुन्हा मोजलं. टिकून राहणारे ते ठोके मुख्यतः रेणूंच्या कंपनांचे निघाले. इलेक्ट्रॉनांची एकतानता, म्हणजे त्यांनी एका लयीत डोलणं, नेहमीच्या तापमानाला शंभराहूनही कमी फेमटोसेकंदांतच विरते (फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग). 2020 मध्ये तर या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांनी मिळून तसा लेखच लिहिला. 850 च्या कड्यात ऊर्जा एका रेणूवर न बसता काहींवर पसरलेली असते, ते अर्थातच क्वांटम आहे. पण तशी तर सगळी रसायनंच क्वांटम. 2023 चा एक प्रयोग मला जास्त भावला: एलएच 2 वर एकेकच फोटॉन सोडून दाखवलं, की एवढा एक फोटॉनही सगळी साखळी सुरू करायला पुरतो.

राहिला सौर पॅनेलांचा प्रश्न. पॅनेल विकताना ऊर्जेचा हिशेब देतात, म्हणून आकडा विशीच्या आसपास दिसतो. तोच हिशेब नगांवर लावला तर चांगल्या सिलिकॉनमध्येसुद्धा शोषलेल्या दृश्य प्रकाशाच्या बहुतेक भागात दर फोटॉनमागे जवळजवळ एक इलेक्ट्रॉन बाहेर येतो. म्हणजे त्या बातमीच्या मापानं आपल्या छपरावरचं पॅनेलही जवळपास शंभर टक्क्यांचंच. ग्रुपवर हे लिहायचं असेल तर खुशाल लिहा, फक्त माझं नाव घालू नका, नाहीतर काका पुन्हा तासभर फोन करतील.

हिरव्या जिवाणूंच्या क्लोरोसोमबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. त्यात अडीच लाखांपर्यंत रेणू असू शकतात आणि त्यांना धरून ठेवायला प्रथिनांचा सांगाडाच नसतो. तोवर तुमचे प्रश्न लिहून ठेवा.

आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
ताई